सहा टब रताळी

६ एप्रिल, रविवार. स्ट्रेटफर्ड

बेण्याचं रताळं उभं ठेवावं की आडवं, यावर इंटरनेटवर माणसं हमरीतुमरीवर येतात. मी आडवं ठेवलं. निम्मं कंपोस्टमध्ये, निम्मं उघडं. ट्रे बॉयलरच्या कपाटात, वरून सैल प्लॅस्टिक, आत थर्मामीटर. सकाळी २४, संध्याकाळी २५. एप्रिल महिन्यात मँचेस्टरमध्ये यापेक्षा चांगलं कुणी जमवत असेल तर मला दाखवावं.

रताळी लाँगसाइटच्या दुकानातून आणली. लाल सालीची, आतून पांढरी. सुपरमार्केटमधलं केशरी रताळं दादांनी परवा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे गाजर हाये." विषय संपला.

दादा म्हणजे माझे वडील, कडूबा. वय अठ्ठ्याहत्तर. जालन्याच्या मोंढ्यात त्यांनी जन्मभर पोती वाहिली. आई, शांताबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. मी एकुलता एक. जानेवारीत दादा न्हाणीत पडले आणि दूधवाल्याने दार ढकलेपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर पडून होते. फोनवर मला म्हणाले, "घसरलो जरा." मी जाऊन त्यांना घेऊन आलो. व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा. पुढे त्यांना त्या रिकाम्या घरात परत पाठवायचं नाही, इथेच ठेवायचं, हे माझं ठरलेलं आहे. कसं, ते अजून माहीत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना इथे ठेवण्याचे बहुतेक अर्ज नाकारले जातात, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. बहुतेक अर्ज लोक नीट वाचून भरत नाहीत, असं माझं मत.

मी ITI फिटर. नेटवर्किंग मी पुस्तकं उघडून शिकलो आणि आज युनिव्हर्सिटीचे स्विच माझ्या हाताखाली आहेत. या घरातल्या टाइल्स, लॉफ्ट, मागचं कुंपण, सगळं वाचून, बघून स्वतः केलं. रताळीही होतील.

रताळीच का, तेही लिहून ठेवतो. लहानपणी थंडीत दादा गोणपाटाच्या पिशवीतून रताळी आणायचे. आई ती राखेत भाजायची. आमच्याकडे उपास कुणी करत नसे, त्यामुळे रताळं म्हणजे पोटभर जेवण. इतकं गोड मी पुन्हा काही खाल्लेलं नाही. इथे आल्यापासून दादा गप्प असतात. काय खावंसं वाटतं विचारलं तर म्हणतात, "काई बी." म्हणून मीच ठरवलं.

१९ एप्रिल, शनिवार

सात कोंब. जांभळट, टोकदार. दोन रताळी मात्र सडली, फेकली.

आज हॉलमध्ये १४ एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम. लीड्सहूनसुद्धा माणसं आली होती. मला पाच मिनिटं दिली होती, मी दादांवर बोललो. "या माणसाने शंभर किलोचं पोतं उचललं, पण कुणापुढे हात पसरला नाही." बराच वेळ टाळ्या. दादा पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात, मान खाली घालून बसले होते.

कार्यक्रमानंतर अनुराधाताई भेटल्या. व्हिसाच्या कामात लोकांना सल्ला देतात. म्हणाल्या, "इंद्रजित, भाषण सुंदर झालं. पण अर्जात यातलं एक वाक्य घालू नकोस. तिथे उलटं दाखवावं लागतं. यांना उठता-बसता माणूस लागतं आणि तसं माणूस तिकडे मिळत नाही, हे. ये एकदा माझ्याकडे, दोघं मिळून भरू."

मी म्हटलं, आधी मी वाचतो. त्यांचा हेतू चांगला आहे. पण त्यांच्या बोलण्यात दादा म्हणजे एक केस आहे.

ट्रॅममध्ये दादा म्हणाले, "लई बोललास."

"खोटं बोललो का?"

"खोटं नाई."

११ मे

कोंब वीतभर झाले. मुळाशी पिरगळून काढले आणि काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवले. किचनच्या खिडकीत ओळीने नऊ ग्लास. माझ्या मुलीने, मायराने, फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. ती चौदा वर्षांची आहे आणि तिच्या मते आमचं घर आता लॅब आहे.

दादांना इथली हवा मानवलेली दिसते. पहिल्या आठवड्यात शर्टाची बटणं वरखाली लावून खाली यायचे. आता गळ्यापर्यंत सगळी जागच्या जागी, दाढीही रोज केलेली.

माझ्या बायकोचं, कल्याणीचं, मात्र सकाळचं वेळापत्रक बिघडलंय. हॉस्पिटलच्या वॉर्डवर वेळेत पोचायचं असतं आणि ही दादांना चहा द्यायला वर जाते ती लवकर खालीच येत नाही. माझा चहा ओट्यावर निवतो. मी बोललो तर म्हणाली, "मामांशी गप्पा मारत होते." दादा आणि गप्पा. असो, सुनेशी बोलत असतील.

१८ मे, रविवार

अर्ज भरला. सगळा दिवस गेला. जेवणाच्या टेबलावर मी आणि लॅपटॉप, समोर कल्याणी भाजी निवडत होती.

"वडिलांची रोजची परिस्थिती, या रकान्यात काय लिहिलंत?"

मी वाचून दाखवलं. माझे वडील स्वावलंबी आहेत. आपलं सगळं ते स्वतः करतात. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरलेला नाही आणि या देशावर ते ओझं होणार नाहीत. त्यांचा सर्व खर्च उचलायला मी समर्थ आहे.

ती निवडायची थांबली. "अहो, सगळं स्वतः करतात?"

"मग काय करत नाहीत?"

"अनुराधाताईंनी काय सांगितलं होतं?"

"बाप लाचार आहे असं लिहू? परक्या माणसाच्या टेबलावर? ज्या माणसाने मला कधी..."

"तुम्ही ऑफिसला जाता तेव्हा घरात काय होतं ते तुम्हाला..." एवढं बोलून ती गप्प झाली, कारण दादा जिन्यावर होते. ते कठड्याला धरून उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. पाणी प्यायचं व्हतं."

कल्याणी उठून त्यांना पाणी द्यायला गेली. मी अर्ज पाठवला. मनात शंका आहे, ती इथे नोंदवतो. अनुराधाताई बरोबर असतील तर? पण मग असल्या बरोबर असण्याचा उपयोग काय. ज्याच्या जोरावर आम्ही उभे राहिलो तेच काढून टाकायचं आणि वर म्हणायचं, आता आम्हाला राहू द्या.

७ जून

टब लावले. सहा, काळे, प्रत्येकी चाळीस लिटर. काळे अशासाठी की ऊन धरून ठेवतात. तळाला भोकं मी वाढवली. कंपोस्ट, वाळू आणि कोंबडीखताच्या गोळ्या. मागच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून वाकवलेल्या पाइपांवर प्लॅस्टिक ताणून एक बुटका मांडव केला. आत ३१ अंश. बाहेर १४ आणि पाऊस.

मायरा जाकिटाची टोपी चढवून बघत होती. "बाबा, रताळीला हॉलिडे होम बांधलं का?"

"रताळ्याला."

"व्हॉटेव्हर. आजोबांची खोली त्याच्यापेक्षा थंड आहे."

हे खरं नाही. दादा स्वतःच हीटिंग बंद करतात. गॅस जळतो, म्हणतात.

२२ जून

दादा पाणी घालतात. मी घरी नसताना. आज मातीत बोट घातलं तर चिखल. मुळ्या कुजल्या असत्या. पाण्याचं माप मी ठरवलेलं आहे, टबाच्या वजनावरून. समजावून सांगितलं. "व्हय," म्हणाले. दुपारी पुन्हा पाण्याचा मग घेऊन मागे अंगणात. निम्मं पाणी चपलांवर सांडलेलं.

शेवटी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पाटी लावली: पाणी घालू नये. दादा चौथी शिकलेत, त्यांना वाचता येतं. त्यांनी ती सावकाश, एकेक अक्षर लावत वाचली आणि हातातला पाण्याचा मग घरात आणून सिंकमध्ये ओतला.

कल्याणी म्हणाली, "दिवसभर तेवढंच एक काम होतं त्यांना."

"काम करायला आणलंय का त्यांना? आराम करू देत."

१३ जुलै

वेल सुटले. भिंतीवर चढवायला तारा ताणल्या. पानं तळहाताएवढी, गडद, चकचकीत. खत दर आठवड्याला देतो. एका इंग्रज माणसाने ऑनलाइन लिहिलंय की रताळ्याला खत कमी द्यावं, जास्त दिलं तर नुसता पाला होतो. त्याच्या फोटोतला वेल मी पाहिला. आजारी होता. आमच्याकडे काळी जमीन, तिला कमी चालेल. इथलं कंपोस्ट म्हणजे लाकडाचा भुसा. त्याला घातल्याशिवाय काय मिळणार?

दादा आता टबांना हात लावत नाहीत. मांडवासमोर उभे राहून बघतात, हात पाठीमागे बांधून. संग्रहालयात उभे राहतात तसे.

अर्जाचं काही नाही. ईमेल दिवसातून कितीदा बघतो ते लिहीत नाही.

८ ऑगस्ट

आज दुपारी मायराचा ऑफिसात फोन. आजोबा घरात नाहीत. मी निघालोच होतो, तेवढ्यात पुन्हा फोन, सापडले. ट्रॅम स्टॉपवरच्या बाकावर बसले होते. कुणा बाईने त्यांना विचारलं तर त्यांना घराचा पत्ता सांगता आला नाही. साहजिक आहे, इंग्रजी येत नाही.

मी विचारलं, "कुठं निघाला होतात?"

"कुठं नाई. बसलो व्हतो."

"मग घरी का आला नाहीत?"

"येतच व्हतो."

एक चप्पल पायात नव्हती. ती रस्त्यात सापडली. इथल्या फुटपाथच्या कडा उंच आहेत, मी पूर्वीही कौन्सिलला कळवलंय.

कल्याणीने मला न विचारता शिफ्ट कमी करून घेतल्या. थकते म्हणाली. मी म्हटलं, मग रजा घे, शिफ्ट कशाला सोडायच्या. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

३१ ऑगस्ट

वेलांचं आता जंगल झालंय. मांडवाचं प्लॅस्टिक दोन ठिकाणी उचललं गेलं. बाहेर लोळणारे वेल दर रविवारी उचलून उलटे टाकतो, नाहीतर सांध्यासांध्याला मुळ्या फुटतात आणि ताकद वाटली जाते. फोटो पुण्याला, नाशिकला, सगळ्या ग्रुपवर पाठवले. "इंद्रजितभाऊ, इंग्लंडात रान केलंत," असं एकाने लिहिलं.

व्हिसा या महिन्यात संपला. अर्ज पडून आहे तोवर दादा राहू शकतात, हा नियम मी तीनदा वाचला. म्हणजे ते इथे आहेत ते उत्तर आलेलं नाही म्हणून. उत्तर येऊ नये असं मला वाटतं. अर्ज करणाऱ्याने असं वाटून घेणं हे विचित्र आहे, पण वाटतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नाकारला.

ऑफिसात वाचलं, टॉयलेटमध्ये जाऊन. चार पानं. माझीच वाक्यं आहेत. अर्जदार आपली दैनंदिन कामं स्वतः करतात, असं त्यांचा मुलगाच म्हणतो. खर्च करायला मुलगा समर्थ आहे, त्यामुळे पुढे गरज पडल्यास भारतात मदतनीस ठेवता येईल. त्यांना परत पाठवण्यात अन्याय दिसत नाही. सभ्य भाषेत, एकही चूक नसलेलं. मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

घरी आल्यावर कल्याणीला वाचायला दिलं. तिने वाचून फोन टेबलावर उपडा ठेवला.

"त्यांची बटणं मी लावते," ती म्हणाली. "मे महिन्याच्या आधीपासून. दाढी मी करते, हात थरथरतात त्यांचे. आंघोळीला मी दाराबाहेर उभी असते. वॉर्डात दिवसभर लोकांचं करते, मला काही वाटत नाही त्याचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"मामांनी शपथ घातली. इंद्याला कळू देऊ नको, म्हणाले."

मी विचारलं, मग अर्ज भरताना तरी. ती म्हणाली, "दोनदा बोलायला गेले. तुम्ही माझं वाक्य पूर्ण होऊ दिलंत का?"

आणि मग एक बोलली, तेही लिहून ठेवतो. "आणि तुम्हाला खरंच दिसलं नाही? थर्मामीटरवरचा अर्धा अंश दिसतो तुम्हाला."

१२ ऑक्टोबर, रविवार

पहाटे गवतावर दव पांढरं गोठलं. पानं काळवंडली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मायराला घेऊन अंगणात ताडपत्री पसरली आणि एकेक टब उपडा केला.

पहिल्यात पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, टबाच्या आकाराचं. रताळं नाही. दुसऱ्यात तेच. मायरा म्हणाली, "बाबा, हे नूडल्स आहे." तिसऱ्यात, चौथ्यातही तेच. पाचव्यात अंगठ्याएवढी दोन निघाली. सहाव्यात एक, तडकलेलं. इंग्रज बरोबर होता. एवढ्या पाल्याखाली एवढंच.

मी बूट धुवायला नळावर गेलो. परत आलो तर दादा ताडपत्रीवर, ढिगाऱ्यासमोर उकिडवे. एकटे एवढे खाली कसे बसले कोण जाणे. मांडीशी मातीचा छोटा ढीग ओढून घ्यायचे, बोटांनी चाळायचे आणि मागे सारायचे. एरवी थरथरणारे हात या कामात स्थिर होते.

"दादा, काही नाही त्यात. मी बघितलंय."

"असू दे. बसलोय जरा."

त्यांनी एक करंगळीएवढं शोधलं, शर्टाला पुसलं आणि खिशात टाकलं. मग दुसरं. मी म्हटलं, खाण्यासारखी नाहीत ती.

"पाटलाचा नांगर फिरला, त्येंच्या बायांनी वेचून नेलं, की मग आपल्याला रान मोकळं," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की मातीशी, कळत नव्हतं. "तुही माय पुढं, म्या मागं. दिस बुडूस्तोवर. सरवा म्हंत्यात त्येला. तुटकं, किडकं, बोटाएवढं. चांगलं असतं तं त्येंनी सोडलं असतं व्हय?"

"ती रताळी मोंढ्यातून आणायचात ना तुम्ही? विकत?"

"हमाल रताळी इकत घेतो व्हय?" आणि ते हसले. इथे आल्यापासून त्यांना असं मोकळं हसताना मी बघितलं नव्हतं.

"मग आवडायची म्हणून..."

"तुला आवडायची. तोंडाला राख लावून खायचास. मला तं वास बी नको वाटायचा. अजून नको वाटतो."

मी विचारलं, मग एप्रिलमध्येच का नाही सांगितलंत.

"कपाटात ठिवलं. ताप आल्यावानी त्येला काचेची नळी लावली. येवढा रमलास. काय सांगू?"

मी त्यांना उठवलं. म्हणजे काखेत हात घालून अक्षरशः उचललं. शंभर किलोचं पोतं उचलणारा माणूस, आता मला वजनच लागलं नाही. त्यांनी खिशातली पाच-सहा मुळकुटं काढून माझ्या हातात दिली. मायराने विचारलं, आजोबा काय म्हणाले. मी म्हटलं, जुन्या गोष्टी.

जयंतीच्या माझ्या भाषणात ती रताळी होती, मागच्या वर्षीसुद्धा. घामाच्या पैशाची रताळी, असं मी म्हणालो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

१४ ऑक्टोबर

अपील करता येतं. आज अनुराधाताईंकडे गेलो, शेवटी. त्यांनी 'सांगितलं होतं' असं एका शब्दानेही म्हटलं नाही. ते म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "अवघड आहे," म्हणाल्या, "पण करू या. डॉक्टरांचा रिपोर्ट, कल्याणीचं निवेदन, आणि मुख्य म्हणजे त्यांचं स्वतःचं. काय काय जमत नाही ते त्यांच्या शब्दात. सही त्यांची."

संध्याकाळी दादांच्या खोलीत गेलो. या खोलीत मी फार बसलेलो नाही. खरंच थंड आहे ती. कल्याणीही आली आणि दारात उभी राहिली. मी सगळं सांगितलं, नकारही.

दादांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आधीच्या अर्जात काय लिवलं व्हतंस माह्याबद्दल?"

मी फोनवर काढून मराठीत सांगितलं. माझे वडील स्वावलंबी आहेत. आपलं सगळं ते स्वतः करतात. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरलेला नाही.

"आजून येकदा."

पुन्हा सांगितलं.

"हे साहेबानं वाचलं?"

"वाचलं. त्यात लिहिलंय तसं."

"आन त्येनं मान्य केलं."

"मान्य केलं म्हणूनच नाकारलं, दादा."

"म्हंजे खरं मानलं त्येनं." त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "चांगलं लिवलंस."

मी सांगितलं की आता दुसरं लिहायचंय. बटणं लावता येत नाहीत, आंघोळीला माणूस लागतं, पत्ता आठवत नाही. त्यांनी कल्याणीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, पण तिने मान फिरवली. तिने शपथ मोडली, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"कल्याणी, तुहा दोष नाई," ते म्हणाले. मग मला, "म्या सही करणार नाई."

"दादा, सही नाही केली तर परत जावं लागेल."

"जाईन."

"तिथं कोण आहे?"

"कोण न्हवतं तवा बी व्हतोच की. बापाला खाली बसवून त्येच्याकून लिहून घेतो व्हय, का मला माही चड्डी घालता येत नाई? तू लिवशील असं?"

मी म्हटलं, मी लिहीन. तुम्ही राहणार असाल तर लिहीन.

"मे महिन्यात नाई लिवलंस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. उलट मला वाटलं, शाबासकी होती. "तेच बराबर व्हतं."

मी कल्याणीकडे बघितलं की ती काही बोलेल. ती खाली गेली. खालून भांड्यांचा आवाज आला, बराच वेळ, एकच भांडं घासल्यासारखा.

१७ ऑक्टोबर

अपील केलं नाही, दादांचं तिकीट काढलं. जालन्यातला चुलतभाऊ विक्रांत रविवारी रविवारी डोकावेन म्हणाला. इतर दिवशी सकाळ-संध्याकाळ येणारा एक माणूस तो बघून देणार आहे. "मिळतात हो भाऊ, पण टिकत नाहीत," असंही म्हणाला. घरात कॅमेरा लावायचं माझं ठरलं आहे. न्हाणीत लावता येणार नाही.

टब धुऊन एकात एक ठेवले. मांडव उतरवला. कंपोस्ट दोन-चार वर्षं चालतं असं लोक म्हणतात, पण यात पुन्हा काही लावावं असं वाटत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

एअरपोर्टवर कल्याणी गाडी लावायला गेली. मायरा आजोबांना मिठी मारून बाजूला झाली आणि फोनमध्ये तोंड घालून उभी राहिली. मी आणि दादा काउंटरला. विमान मध्ये एकदा बदलायचं आहे. तिथलं टर्मिनल मला माहीत आहे, मैलभर चालावं लागतं.

मी काउंटरवरच्या बाईला म्हटलं, व्हीलचेअर पाहिजे. माझ्या वडिलांना चालवत नाही. बटणंसुद्धा लावता येत नाहीत त्यांना. पत्ता सांगता येत नाही. हे मी इंग्रजीत म्हणालो, मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतकं. एवढं सविस्तर तिने विचारलंही नव्हतं.

"काय म्हणलास तिला?" दादांनी विचारलं.

"खुर्ची मागितली. चाकांची."

"कोणाला?"

माणूस खुर्ची घेऊन आला. दादांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कल्याणीने पहाटे घालून दिलेला पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. "मला चालता येतं," ते मला म्हणाले. मग त्या माणसाला हाताने दूर हो म्हणून सांगितलं, पण नम्रपणे. त्याने मला विचारलं, ते काय म्हणतायत?

मी म्हटलं, "ही सेज ही कॅन वॉक."

खुर्ची गेली. सिक्युरिटीपर्यंत ते ताठ गेले. वळून बघितलं नाही. मी काचेशी उभा होतो. पलीकडच्या लांब पॅसेजमध्ये, त्यांना वाटलं असेल आता आपण दिसत नाही, तिथे ते थांबले आणि त्यांनी भिंतीला हात लावला. थोडं चालले, पुन्हा लावला. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. मग ते हात न काढताच, भिंतीला घासत घासत, वळणापर्यंत गेले. भिंत जवळ होती म्हणून लावला असेल.

कल्याणी गाडी लावून धावत आली. धाप लागली होती तिला.

"गेले? दिसले का? कसे गेले?"

"व्यवस्थित गेले," मी म्हटलं.